कोरं सोडायचं नाही

आगरदांडा, ९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र हातात पडल्यावर आधी मागेपुढे बघ आणि मग वाच. मी प्राप्ती. अक्षर ओळखलंच असशील. कोंबडी शाईत पाय बुडवून चालली की असं दिसतं, हे तुझंच म्हणणं.

तू दिघीला आहेस हे मला आमच्या स्वयंपाकाच्या ठमीकडून कळलं. ती रोज सकाळी दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून इकडे येते आणि संध्याकाळी परत जाते. परवा भाकऱ्या थापता थापता सांगत होती, "आमच्या टपरीवर एक ट्रेलरवाला पोर येतो, थळच्या बाजूचा. चाय येईपर्यंत लोकांना हिशोबाची कोडी घालतो. कोनाला उत्तर आला तर त्याच्या चायचे पैसे हाच देतो." मी विचारलं, डाव्या भुवईवर खूण आहे का? ती म्हणाली, "हाय की. तुला काय म्हाईत?" ती खूण माझ्याच बॅटची आहे हे तिला सांगितलं नाही. दोन वर्षं आईने नवस बोलायचा एक देव शिल्लक ठेवला नाही, आणि तू खाडीपलीकडे लोकांना कोडी घालत बसला आहेस. धन्य आहे तुझी.

मी इथे सीईटीच्या निवासी वर्गात आहे. गेल्या वर्षी मला किती पडले ते तुला कोणी सांगितलं नसेल तर मीही सांगत नाही. म्हणून हे वर्ष पुन्हा. ही जागा पूर्वी रिसॉर्ट होती. पर्यटक फिरकले नाहीत, मग तुळशीराम सरांनी ती भाड्याने घेतली. खोल्यांची नावं अजून शिंपला, प्रवाळ, मोती अशीच आहेत. मी 'मोती'त राहते. समुद्राकडच्या खिडक्यांवर सूत्रांचे तक्ते चिकटवलेत, आमचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. इंटिग्रेशनच्या तक्त्याचा एक कोपरा सुटलाय, तिथून एका डोळ्याने दिघीची जेट्टी दिसते. फोन आल्या दिवशीच काढून घेतले, ते बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये कुलपात आहेत. रविवारी सरांच्या बायको, कोकिळा मॅडम, स्वतःच्या फोनवरून घरी लावून देतात. स्पीकरवर, आणि शेजारी बसून. त्यामुळे मी घरी काय बोलते ते घरच्यांपेक्षा त्यांनाच जास्त पाठ आहे.

आमच्या परीक्षा रिकाम्या पोहण्याच्या तलावात होतात. हसू नकोस, खरं सांगते. निळी फरशी, मध्ये डॉल्फिनचं चित्र, त्याच्यावर बाकडी. ज्यांना जास्त मार्क ते उथळ बाजूला. मार्क कमी होतील तसतसं उतारावरून खाली सरकायचं. मी सगळ्यात खाली, खोल टोकाच्या रांगेत असते, भिंतीवर 'आठ फूट' लिहिलंय त्याच्याखाली. इथून आभाळाचा एक चौकोन दिसतो आणि काठावरून फिरणाऱ्या सरांच्या चपला.

आता मुद्द्यावर येते. मला सरांची रीत जमत नाही. सर म्हणतात, "गणित सोडवू नका, उत्तर निवडा." पन्नास गणितं, दीड तास, चार-चार पर्याय. पर्याय दिलेत म्हणजे उत्तर आधीच तिथे बसलंय, ते फक्त ओळखायचं. कालचंच गणित घे. एक गुणिले एक फॅक्टोरियल, अधिक दोन गुणिले दोन फॅक्टोरियल, अशी n पर्यंत बेरीज. सर म्हणाले, n च्या जागी एक टाक, पर्यायांतही एक टाक, जे जुळत नाहीत ते काट. दोन उरले. मग दोन टाक. एक उरला. संपलं. उत्तर बरोबर आलं, दादा. पण ते तसं का आहे हे मला अजून कळलेलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "का-ला मार्क नसतात."

तू असतास तर का सांगितलं असतंस. गणित मागच्या पानावर लिहिलंय.

ठमीकडे निदान 'मिळालं' एवढं सांग.

प्राप्ती


आगरदांडा, २३ फेब्रुवारी

दादा,

ठमी म्हणते, तू पत्र उभ्याने वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस, आणि काही न बोलता गेलास. चहाही टाकून गेलास. ठीक आहे. आपल्या घरात उत्तर न देण्याला उत्तरच समजतात, मला सवय आहे.

मी अजून आठ फुटांखालीच आहे. गेल्या आठवड्यात एक रांग वर गेले होते, परत घसरले. चूक माझीच. एखादं गणित हातात आलं की मी ते पहिल्या पायरीपासून सोडवत बसते, आणि मान वर करते तोवर शिवानी, माझ्या खोलीतली, पंचवीस गणितं उरकून पेनाचं टोपण चावत बसलेली असते. ती मुळात हुशार आहेच, पण तिला सोडून द्यायचं कसं ते येतं. पहिल्या फेरीत सोपी, दुसऱ्या फेरीत लांबलचक, आणि शेवटची पाच मिनिटं तुळशीराम सरांच्या नियमाची.

हा नियम तलावाच्या भिंतीवर लाल रंगात आहे: कोरं सोडायचं नाही. सीईटीत उत्तर चुकलं तर मार्क कापत नाहीत. म्हणून जे येत नाही, ज्याला वेळ उरला नाही, त्या सगळ्यांना डोळे मिटून एकच अक्षर द्यायचं. सर सी म्हणतात. दहा ठिकाणी सी दिलं तर दोनतीन तरी लागतात. फुकटचे मार्क.

सगळी मुलं देतात. माझा हात उचलत नाही. जे मला येत नाही तिथे मी टिंब कसं काळं करू? सर परवा काठावर उकिडवे बसून म्हणाले, "घरत, तू पेपर देतेस की साक्ष देतेस?" उथळ बाजूपर्यंत हशा गेला.

मग मी विचार केला, हे माझ्यात आलं कुठून. तुला आठवतं, खारीच्या शेतावर जाताना बाबा पुढे, हातात काठी, त्यांच्या मागे तू, तुझ्या मागे मी? भरतीनंतर बांध आतून पोखरलेला असायचा. बाबा काठीने दाबून बघायचे आणि म्हणायचे, "ज्याचा भरोसा न्हाय त्या बांधावर पाय टाकायचा न्हाय. एक पाय चुकला तर आख्खा बांध जातो." बांधाचं ठीक होतं. पण बाबा सगळ्याच गोष्टींना हेच लावतात. ज्याची खात्री नाही ते बोलायचं नाही, विचारायचं नाही, मागायचं नाही. मीही तशीच झाले. काल रविवारच्या फोनवर मला म्हणायचं होतं, बाबा, मला घरी न्या, माझा इथे जीव गुदमरतो. ते काय म्हणतील याची खात्री नव्हती. म्हणून म्हटलं, हो, जेवण चांगलं असतं.

प्राप्ती


आगरदांडा, १६ मार्च

दादा,

आज मी चिडलेली आहे, तेव्हा गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नकोस.

काल आईने फोनवर सहज सांगितलं, की बाबांनी माझा फ्लेक्स छापून आणलाय. 'भावी इंजिनियर कु. प्राप्ती धर्मा घरत.' पोटमाळ्यावर गुंडाळून ठेवलाय, निकाल लागला की नाक्यावर लावायचा. आई हसत म्हणाली, "मागचाच डिझाइन हाय, खाली फोटो नि नाव बदलला." म्हणजे तुझाच फ्लेक्स आहे तो. तोच कमळाचा किनारा, त्याच शुभेच्छुकांची रांग, फक्त तुझ्या डोक्याच्या जागी माझं डोकं. कोकिळा मॅडम शेजारून म्हणाल्या, "किती कौतुक आहे गं वडलांना." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तुझा फ्लेक्स तर निकालाच्याही आधी लागला होता. परीक्षा आणि निकाल यांच्या मधे तुझा वाढदिवस आला आणि बाबांना धीर निघाला नाही. आपले दोन ट्रक जन्मभर कंपनीच्या गेटाबाहेर रांगेत उभे राहिले, आता आपला पोरगा गेटातून आत जाणार, हे त्यांना अख्ख्या गावाला सांगायचं होतं. मग उत्तरपत्रिका बघायला मिळाली. बाबा सायबर कॅफेत उभे, गणिताच्या पानावर ओळीने 'उत्तर दिलेले नाही', 'उत्तर दिलेले नाही'. कॅफेवाला म्हणाला, "पोरानं हातच नाही लावला, काका." परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं होतंच. तुला अलिबागच्या कॉलेजात गणित घेऊन बीएस्सी करायचं होतं आणि बाबा म्हणाले होते, मास्तर होऊन काय करशील. त्यांनी घरी येऊन एकच विचारलं, "मुद्दाम सोडलास ना?" आणि तू त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालास, "हो, मुद्दाम." दुपारी बॅग घेऊन गेलास. नाक्यावर तुझा फ्लेक्स अजून फडफडत होता. तो बाबांनी स्वतः शिडी लावून उतरवला, खाली माणसं बघत असताना.

मला तेव्हा तू फार मोठा वाटला होतास. एवढी हिंमत माझ्यात कधी येईल, असं वाटायचं.

आता आली आहे. मी ठरवलंय, दादा. मीही तेच करणार. संगणकासमोर बसायचं, दीड तास हात मांडीवर ठेवायचे आणि उठून यायचं. नाहीतर मी इथून सुटत नाही. कमी मार्क पडले तर पुन्हा एक वर्ष तलावात. चांगले पडले तर नाक्यावर माझं डोकं लटकणार आणि मग चार वर्षं कुठल्या तरी दुसऱ्या तलावात. मला इंजिनियर व्हायचं नाही असंही नाही, मला काय व्हायचंय हे कोणी विचारलंच नाही, त्यामुळे मलाही माहीत नाही. पण कोरा पेपर दिला की निदान सगळे विचारणं तरी बंद करतील. तुला कोणी काही विचारत नाही.

फक्त एक सांग. तू हे करून बसला आहेस, म्हणून तुलाच विचारते. सुटतो का माणूस?

याचं उत्तर दिलं नाहीस तर मी ते हो समजेन.

प्राप्ती


आगरदांडा, ३० मार्च

दादा,

मिळालं.

ठमीने भाकरीच्या टोपलीतल्या फडक्याखालून कागद काढला तेव्हा मला वाटलं, पत्र आहे. उघडून बघते तर गणित. माझंच गणित, दीड महिना उशिरा सोडवलेलं, ट्रेलरच्या गेटपासच्या मागच्या बाजूला. एक शब्द नाही. 'प्रिय' नाही, 'तुझा' नाही, नुसत्या पायऱ्या. तुझ्यासारखा माणूस मी बघितला नाही.

पण किती सुंदर सोडवलंस रे. प्रत्येक पद म्हणजे पुढच्या फॅक्टोरियलमधून मागचं वजा, हे एकदा लिहिलं की पहिल्याचं उरलेलं दुसरं खातं, दुसऱ्याचं तिसरं खातं, मधलं सगळं एकमेकांत कटून जातं. फक्त पहिलं टोक आणि शेवटचं टोक उरतं. मी ते कोकिळा मॅडमच्या दुपारच्या झोपेच्या वेळात, पंपाच्या खोलीमागे बसून तीन वेळा स्वतः केलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला गुदमरल्यासारखं झालं नाही. शिवानीला दाखवलं तर ती म्हणाली, "छान आहे, पण याला पाच मिनिटं लागली." लागू देत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तू दिलं नाहीस. पर्याय दोनच होते, दादा, हो आणि नाही. तरी कोरं सोडलंस.

आज ठमीच्या हाती पत्र देताना मी तिला तोंडीही सांगणार आहे. म्हणावं, त्याला विचार: त्याची बहीण पण कोरा पेपर देणार आहे, त्याचं काय म्हणणं आहे. लिहायला तुझा हात जड झाला असेल तर बोल तरी.

प्राप्ती


आगरदांडा, ११ एप्रिल

दादा,

ठमी आज आली ती हातातली पिशवी खाली न ठेवताच मला पंपाच्या खोलीमागे घेऊन गेली. तिने जे सांगितलं ते मी तुला तसंच्या तसं लिहिते, म्हणजे काही कमीजास्त असेल तर तुला दुरुस्त करता येईल.

ती म्हणाली, "तुझा भाऊ टपरीवर बसला. मी बोलली, तुझी भैन कोरा पेपर देनार हाय, तुझ्यासारखी. तो बोलला, 'माझ्यासारखी न्हाय. मी कोरा न्हाय दिला.' मी बोलली, मंग? तो बोलला, 'येत व्हती तेवढी सोडवली, बरोबर सोडवली. बाकीची सोडली. मना वाटला, चुकला की कापतान.' असा बोलला आन हसला. पन तो हसना काय खरा न्हाय."

दादा, मी तिला पुन्हा सांगायला लावलं. दोनदा.

पनवेलच्या ज्या क्लासला बाबांनी तुला घातलं होतं तिथे दुसऱ्या परीक्षेची तयारी करून घेत, चूक झाली की मार्क कापणारी. सीईटीला पडद्यावर सूचनांचं पान येतं, ते तू न वाचता पुढे ढकललं असशील, जसं सगळे ढकलतात. आणि वर, ठमी म्हणते, सकाळीच तुला कोणीतरी सांगितलंही होतं, की येत नाही त्याला हात लावू नकोस. म्हणून तू बसून राहिलास. हातात अर्धा तास होता, समोर पर्याय होते, आणि तू हात मांडीवर ठेवून बसलास. हिंमत म्हणून नाही. भीती म्हणून.

कोणी सांगितलं होतं, असं ठमीने विचारल्यावर तू उठून गेलास म्हणे.

मी आधी हसले. मग मला इतका राग आला की पंपाच्या भिंतीवर लाथ मारली, अंगठा अजून दुखतोय. दोन वर्षं, दादा. दोन वर्षं मी तुला मनातल्या मनात हार घालत होते. एक वाक्य बोलला असतास, 'बाबा, मला वाटलं मार्क कापतात,' तर काय झालं असतं? बाबा चिडले असते, कपाळाला हात लावला असता, पुढच्या वर्षी पुन्हा बसवलं असतं. त्याऐवजी तू म्हणालास, मुद्दाम. घाबरट दिसण्यापेक्षा तुला उद्दाम दिसणं परवडलं. आणि आता तो उद्दामपणा निभावत खाडीपलीकडे राहतोयस, आईला फोन करायची सोय नाही, घरी यायची सोय नाही. मी एका तलावात आहे, तू दुसऱ्या. तुझ्या तलावाला निदान गेटही नाही, तरी तुला बाहेर पडता येत नाही.

ठमी जाता जाता म्हणाली, "आजून एक बोलला. त्या पोरीला सांग, सुटत न्हाय मानूस."

बरं. कळलं. मी कोरा देणार नाही. का देणार नाही ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण जी गोष्ट मी धाडस समजत होते ती मुळात झालीच नव्हती, तर तिची नक्कल कशाची करू?

आता ऐक. माझा पेपर २३ तारखेला, केंद्र माणगावच्या बाजूला आहे. बाबा मला घ्यायला स्वतः गाडी घेऊन येणार आहेत आणि आम्ही सकाळच्या पहिल्या बोटीने दिघीला उतरणार. तू जेट्टीवर ये. काही बोलू नकोस, नुसता उभा राहा. पुढचं मी बघते.

प्राप्ती


थळ, ४ मे

दादा,

तू जेट्टीवर नव्हतास. मी बोट लागायच्या आधीपासून बघत होते. परतताना जेट्टीवर ठमी भेटली, ती म्हणाली, तुला पहाटेच माल घेऊन जावं लागलं. खरं असेल तर ठीक. खोटं असेल तरी ठीक, कारण तुझ्याशिवायच सगळं झालं. काय झालं ते आता सविस्तर लिहिते.

बोटीवर बाबा गाडीतून उतरले आणि माझ्याबरोबर कठड्याशी उभे राहिले. नवा शर्ट घातला होता. खिशातून देवीच्या अंगाऱ्याची पुडी काढून माझ्या कपाळाला लावला. मग खाडीकडे बघत म्हणाले, "एक ध्यानात ठेव, पोरी. येत न्हाय त्याला हात लावू नको. चुकलीस का हातचा पन जातो."

मी विचारलं, "बाबा, हे तुम्ही दादाला पण सांगितलं होतं?"

"मंग. गारीत बसताना सांगितला. आयकला कुठं त्यानं?"

मी म्हटलं, "ऐकलं, बाबा."

मग मी त्यांना सांगितलं. या परीक्षेत चुकलं तर मार्क कापत नाहीत. दादाने कोरा पेपर दिला नव्हता. येत होती ती सोडवली आणि येत नव्हती त्यांना हात लावला नाही, कारण तुम्ही लावू नको म्हणाला होतात. मी हे हळूहळू सांगणार होते, पण खाडी छोटी आहे आणि बोट थांबत नाही, म्हणून एका दमात सांगून टाकलं.

शेजारच्या ट्रकचा क्लीनर बडीशेप मागायला आला, त्याला बाबांनी आपली बडीशेपेची अख्खी पुडी देऊन टाकली. मग म्हणाले, "मना काय म्हाईत? आमच्या टायमाला कंपनीच्या भरतीला मी बसलेला. त्या पेपरात कापलेला." आणि थोड्या वेळाने, "मंग त्यानं मना का न्हाय सांगितला?"

दादा, त्यांना ते कळत होतं. तू सांगितलं असतंस तर दोष कोणाकडे गेला असता हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मला मात्र तेव्हा कळलं. मी तुला पंपाच्या खोलीमागे बसून घाबरट म्हटलं, ते मागे घेते. अर्धं मागे घेते. दोन वर्षं बाबांना ते समजू दिलं नाहीस याबद्दल मला तुझा अभिमानही वाटतो आणि तुला धरून बडवावंसंही वाटतं.

दिघीला उतरल्यावर बाबांनी गाडी माणगावच्या रस्त्याला न लावता बंदराच्या गेटाकडे वळवली. तिथल्या वॉचमनला तुझं नाव सांगितलं, तेही घरातलं, पज्या. तो म्हणाला, पहाटेच गेला, संध्याकाळपर्यंत नाही यायचा. बाबा तसेच गेटाशी उभे. आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या काचेत बघत होते. मी म्हटलं, बाबा, चला, उशीर होईल. ते म्हणाले, "व्हव दे." माझ्या परीक्षेला उशीर होऊ दे, असं बाबा म्हणाले. मीच त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

पेपर दिला. सूचनांचं पान आलं तेव्हा मी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होणार नाहीत, हे वाक्य वाचताना पडदा जरा धूसर झाला, मग पुसला. माझा डोळा, पडदा नव्हे. पहिल्या फेरीत सोपी केली. दोन गणितं तुझ्या रीतीने पूर्ण सोडवली, वेळ गेला, जाऊ दे. बाकी बऱ्याच ठिकाणी n च्या जागी एक टाकलं. फॅक्टोरियलच्या बेरजेचं गणित आलं नाही, तशी नशिबं सिनेमात असतात. शेवटी अकरा राहिली. हात पुन्हा मांडीवर गेला, सवयीने. मी तो उचलला आणि अकराही ठिकाणी सी दिलं. तुझ्या वाटचे, असं म्हणत.

किती पडतील माहीत नाही. परत येताना मी बाबांना सांगितलं, निकाल काहीही लागो, मी त्या तलावात परत उतरणार नाही, आणि पुढे काय करायचं ते आधी मला विचारायचं. खात्री नव्हती ते काय म्हणतील याची. ते म्हणाले, "बरा." एवढंच. एवढंच विचारायला मी तीन महिने घेतले.

काल बाबा पोटमाळ्यावर चढले आणि फ्लेक्स खाली आणला. मला वाटलं, आता हा नाक्यावर. त्यांनी तो मागच्या अंगणात नेला आणि सरपणाच्या लाकडांवर पसरला, छापलेली बाजू खाली करून, चारी कोपऱ्यांना दगड. म्हणाले, पावसाआधी झाकायचीच होती. माझा चेहरा आता लाकडांवर पालथा आहे आणि मला इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू.

आत्ता हे लिहिताना ते माझ्यासमोर बसलेत. दहा वेळा विचारून झालं, संपला का लिवून. मी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का त्याला? म्हणाले, "तूच लिव. मना तसला येत न्हाय." मी म्हटलं, नाही, तुम्हीच लिहा, मी खाली जागा सोडते. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

"चुकला तर?"

मी म्हटलं, "इथे कापत नाहीत, बाबा."

प्राप्ती


पज्या
ते मीच सांगितला व्हता गारीत. मना म्हाईत नव्हता. तू बोलला का न्हायस. आई रोज तुझा ताट काढते नि परत ठेवते. रविवारी कालवनाला निवट्या आनतो तुला आवरतान त्या. ये.
बाबा